आमवाताचे दुखणे : शेक आणि ऊन पाणी

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे नीरा नदीच्या अलीकडे सारोळे हे गाव लागते. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. आणि सारोळ्याहून पश्चिमेकडे वळले की भोर-वेल्ह्याचा डोंगराळ, भातशेतीचा मुलूख सुरू होतो. आषाढात या भागात भाताची लावणी चालते. बायामाणसे दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभी असतात, हात गार पाण्यात आणि डोक्यावर पाऊस. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय दुखले नाहीत तरच नवल! पण हे दुखणे एका रात्रीच्या झोपेने बरे होते. आज मला ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे ते वेगळे आहे. ते झोपेने कमी होत नाही. उलट झोपून उठल्यावरच ते जास्त जाणवते. त्याला वैद्य आमवात म्हणतात आणि आपण सगळेच त्याला सरसकट संधिवात म्हणून मोकळे होतो.

वयोमानाप्रमाणे गुडघे झिजतात, चढण चढताना कटकट वाजतात, बसले की बरे वाटते आणि चालले की दुखतात. हा झिजेचा संधिवात. तो साठीच्या पुढच्या बहुतेकांना थोडाफार असतो. आमवाताची तऱ्हा निराळी. तो तिशी-चाळिशीतल्या, ऐन कर्त्या माणसालाही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने जास्त आढळतो. त्याची सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते. बोटांची मुळे, बोटांची मधली पेरे आणि मनगटे सुजतात. एका हाताची सुजली की थोड्याच दिवसांत दुसऱ्या हाताचीही सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. बाईला वेणी घालता येत नाही, चरवी धरता येत नाही, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येते. हा आखडलेपणा अर्धा तास, तासभर, कधी दोन-दोन तास राहतो आणि दिवस वर आला की हळूहळू सैल होतो. बरोबर थकवा असतो, भूक मंदावते, अंगात कसर राहते.

हे कशाने होते? गार पाण्याने होत नाही, दह्याने होत नाही आणि कोणाच्या करणीनेही होत नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक व्यवस्था असते. आमवातात ही व्यवस्था चुकते आणि आपल्याच सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर चालून जाते. ते अस्तर सुजते, जाड होते, सांध्यात पाणी भरते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडले जाते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच माणसाला चावावे, तसा हा प्रकार आहे. काही घराण्यांत याचा कल असतो आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना याचा धोका वाढतो, एवढे आज पक्के माहीत आहे. गार पाण्याने रोग जडत नाही, पण जडलेला रोग गारठ्यात जास्त छळतो, म्हणून लोकांनी दोहोंची सांगड घातली.

हा रोग शहरी, बैठ्या लोकांचा आहे, असा कोणाचा समज असेल तर तोही खरा नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवण या गावी 1996 साली पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच स्वयंसेवकांना हाताशी धरून घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसांची विचारपूस झाली. तेव्हा दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात असल्याचे दिसून आले. या हिशेबाने दोन हजार प्रौढ वस्तीच्या गावात दहाजण तरी निघतील. ही दहा माणसे कोण, ते बहुतेक गावांत कोणाला ठाऊक नसते. कारण त्यांतल्या बऱ्याचजणी पहाटे उठून, बोटे चोळत, मुकाट्याने चुलीपुढे बसलेल्या असतात.

आता मूळ विषयाकडे येऊ. या दुखण्यावर ऊन पाणी आणि शेक यांचा उपयोग होतो काय? होतो. किती होतो आणि कशासाठी होतो, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

शेक ही काही नवी गोष्ट नाही. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माधवकराने आपल्या निदानाच्या ग्रंथात आमवाताचे वेगळे वर्णन केले आहे, आणि आयुर्वेदाने या रोगात वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. आपल्या आज्याही तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून, फडक्यात बांधून सांधे शेकत आल्या. परदेशांतही हाच अनुभव. इंग्लंडात बाथ नावाचे एक गावच ऊन पाण्याच्या झऱ्यावर वसले असून रोमन लोकांनी तिथे स्नानगृहे बांधली होती.

उष्णतेने नेमके काय होते ते पाहा. ऊब लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे रक्ताचा पुरवठा वाढतो. सांध्याभोवतीचे स्नायू दुखण्याच्या भीतीने ताठ झालेले असतात, ते सैल पडतात. सांध्याला बांधून ठेवणारे दोर जरा लवचिक होतात. थंडीत गोठलेले तूप चुलीशी ठेवले की जसे हलू लागते, तसे काहीसे सांध्याच्या हालचालीचे होते. शिवाय उबेची जाणीव मेंदूकडे पोचली की दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. एकाच वाटेवर दोन निरोपे निघाले आणि उबेचा निरोप्या पुढे गेला, असे म्हणा हवे तर. या सगळ्यामुळे दुखणे कमी होते आणि सांधा हलवता येतो.

पण श्रोतेहो, सांध्याच्या आतली लढाई शेकाने थांबत नाही. आमवातावरच्या शेकाविषयी झालेल्या सात अभ्यासांचा, एकूण 328 रोग्यांचा, एक आढावा 2002 साली प्रसिद्ध झाला. शेकामुळे रोगाची सूज किंवा जोर मोजण्याइतका कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. मात्र शेक न घेण्यापेक्षा घेणे रोग्यांना पसंत होते, आणि ऊन मेणात हात बुडवून वर हातांचा व्यायाम केला तर हातांना थोड्या काळापुरता चांगला गुण येतो, असे आढळले. यातला 'वर व्यायाम' हा भाग महत्त्वाचा आहे. शेकाने तास-दीड तासाची सवड मिळते. त्या सवडीत सांधे हलवून घेतले तर शेकाचे सार्थक. नुसते शेकून पुन्हा पांघरुणात शिरलो तर सांधे पुन्हा आखडणार.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. शिक्षकबंधूंनी हा भाग वाचून दाखवावा, म्हणजे घरोघर पोचेल.

पहिली गोष्ट पाण्याची ऊब. पुष्कळांची समजूत अशी, की पाणी जितके कढत तितका गुण जास्त. तसे नाही. आपल्या अंगाची उष्णता 37 अंशांच्या आसपास असते. त्याच्याच आगेमागे, म्हणजे 36 ते 38 अंशांचे पाणी पुरते. 40 च्या वर जाऊ नये. घरात उष्णतामापक नसला तरी हिशेब सोपा आहे. उकळते पाणी एक तांब्या आणि साधे पाणी चार तांबे, असे मिसळले की जवळपास हवी तशी ऊब येते. भांड्यात आधी साधे पाणी ओतावे आणि मग उकळते. म्हणजे भाजण्याचा धोका राहत नाही. नंतर कोपर बुडवून पाहावे. तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाणी आपण जसे पाहतो तसेच. कोपराला सुखाचे वाटले तर पाणी बरोबर. थंडीच्या दिवसांत साधे पाणीच फार गार असते, तेव्हा उकळते थोडे जास्त लागेल, उन्हाळ्यात कमी. शेवटचा निवाडा कोपराने करायचा.

हातांसाठी पसरट पातेले किंवा खोल परात घ्यावी. मनगटे बुडतील इतके पाणी असावे. रोग्याने खुर्चीवर किंवा स्टुलावर बसावे, भांडे समोर उंचावर ठेवावे, म्हणजे वाकावे लागत नाही. दोन्ही हात पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे ठेवावेत. पहिली पाच मिनिटे हात नुसते सैल सोडावेत. मग पाण्यातच हळूहळू मूठ मिटावी आणि बोटे पूर्ण पसरावीत, असे दहा वेळा. मग अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला लावावे. मग मनगट वर-खाली करावे. शेवटी मऊ फडक्याची गुंडाळी पाण्यात हलकेच दाबावी आणि सोडावी. जोर लावायचा नाही. दुसऱ्या कोणी बोटे ओढायची नाहीत, कडाकडा मोडायची तर मुळीच नाहीत. व्यायामानंतर दुखणे दोन तासांच्या वर टिकले, तर आज जास्त झाले असे समजून उद्या कमी करावे. पाण्यातून हात काढले की पंच्याने कोरडे करून लोकरीच्या कपड्यात थोडा वेळ गुंडाळावेत, म्हणजे ऊब टिकते.

पायांच्या बोटांसाठी आणि घोट्यांसाठी हेच बादलीत करावे. खांदे, मान, गुडघे यांच्यासाठी सकाळची ऊन पाण्याची आंघोळ उत्तम. पाटावर बसून उठणे आमवाताच्या रोग्याला जड जाते, म्हणून न्हाणीत एक लहान स्टूल ठेवावे आणि भिंतीला धरायला एखादी लाकडी पट्टी किंवा कडी पक्की बसवून घ्यावी. पाणी तांब्याने खांद्यांवरून सावकाश घ्यावे, आणि घेता घेता हात वर-खाली करावेत. ऊन पाण्याने रक्ताचा दाब जरा उतरतो, तेव्हा एकदम उठू नये, चक्कर येते.

पाण्याची सोय नसेल तेव्हा कोरडा शेक. स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ तव्यावर कोमट करून फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी. आधी ती धडधाकट माणसाने आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. तिथे चटका बसला तर ती रोग्याला लावायची नाही. रबराची पिशवी असेल तर तीत उकळते पाणी भरू नये. पिशवी दोन-तृतीयांश भरावी, वरची हवा दाबून काढावी आणि ती जाड पंच्यात गुंडाळावी. एका जागी पंधरा-वीस मिनिटांच्या वर शेक नको. आणि पिशवी अंगाशी घेऊन झोपी जाऊ नये. झोपेत कातडी भाजते ते कळत नाही. चुलीत तापवलेली वीट काही लोक वापरतात. विटेची उष्णता आत दडून राहते आणि उशिरा बाहेर येते, त्यामुळे भाजण्याचा संभव फार. ती न वापरलेलीच बरी. निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने शेकायची चाल आहे. तिला हरकत नाही, मात्र पाणी वर सांगितल्याइतकेच ऊन असावे.

शेक कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. सांधा लाल झाला असेल, हात लावला तर गरम लागत असेल आणि ठणकत असेल, तर त्या दिवशी त्याला ऊब नको. तिथे गार पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेले बर्फ दहा मिनिटे ठेवावे. एकच सांधा अचानक सुजला आणि बरोबर ताप आला, तर त्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे, त्यांना पाण्याचा चटका कळत नाही. त्यांच्यासाठी पाणी नेहमी दुसऱ्याने पाहावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खूप वेळ ऊन पाण्यात बसू नये. जखम किंवा पुरळ असेल तिथे शेक नको.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे चालतात. कोणी सुजलेल्या सांध्यावर बिब्बा लावतात, कोणी तापलेल्या सळईने डाग देतात. बिब्ब्याने फोड येतात, डागाने जखम होते. त्या वेदनेपुढे सांध्याची वेदना घटकाभर विसरते आणि माणसाला वाटते गुण आला. नंतर जखम चिघळते आणि सांधा आहे तिथेच. आजीआजोबांविषयी आदर ठेवूनही हे दोन उपाय आता सोडून द्यावेत.

पुष्कळांना ऊन पाण्याच्या कुंडांविषयी उत्सुकता असते. महाराष्ट्रात अशी कुंडे बरीच आहेत. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर. आपल्या भोरकडून वरंध घाट उतरून महाडला गेले, तर जवळच सव येथे असेच ऊन पाणी आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरते, तिथे भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते, असा हा निसर्गाचा बंब आहे. तिथे जाऊन बरे वाटते हा अनुभव खोटा नाही. पाण्यात गळ्यापर्यंत उभे राहिले की शरीराचा भार सुमारे दहावा हिस्साच उरतो आणि कमरेपर्यंत उभे राहिले तर निम्मा. त्यामुळे दुखरे गुडघे आणि घोटे सहज हलतात. वर ऊब असते आणि चार दिवसांची विश्रांतीही मिळते. पण पाण्यातल्या गंधकाने रोग मुळापासून जातो याला पुरावा नाही. काही कुंडांचे पाणी तर इतके कढत असते की थेट उतरले तर भाजेल. आधी हात लावून पाहावे आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावे. ज्याला जाणे जमेल त्याने खुशाल जावे. ज्याला जमणार नाही त्याचे फारसे अडत नाही. कर्ज काढून तर जाऊच नये. घरची परात आणि बादली रोजच्या रोज मिळते, कुंड वर्षातून एकदा.

पाण्याच्या उपचारांची परंपरा पुणे जिल्ह्यातही आहे. 1946 साली महात्मा गांधींनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि पुढे मणिभाई देसाई यांनी तेथील आश्रम चालवला. गरिबाला परवडेल असा, त्याच्या घरी आणि त्याच्या हाताने होणारा उपचार असावा, ही त्यामागची दृष्टी होती. ऊन पाण्याचा शेक या कसोटीला पुरेपूर उतरतो. मात्र असले उपचार घेताना डॉक्टरांनी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

कारण खरी मेख इथे आहे. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. सांध्याचे हाड कुरतडले जाणे पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि वाकडे झालेले बोट पुन्हा सरळ होत नाही. शेकाने बरे वाटते, म्हणून माणूस म्हणतो, 'बघू सुगी झाल्यावर.' सुगी होते, लग्नसराई येते, पुन्हा लावणी येते आणि दोन वर्षे निघून जातात. तेव्हा नियम असा ठेवावा : हाताचे सांधे सुजले आहेत आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतो, असे दीड महिना चालले, तर शेक चालू ठेवून दवाखान्यात जावे. सुरुवात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. तिथून पुढे भोरचे सरकारी रुग्णालय, पुण्याचे ससून. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या होतात आणि रोगाची ओळख पटते.

आज या रोगाला आवर घालणारी औषधे आहेत. त्यांतले मुख्य मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. घरात त्याचा एक वार ठरवून टाकावा; आपल्या बाजाराचा वार ठरवला तर चुकत नाही. बरोबर फॉलिक आम्लाची गोळी देतात, ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी. अधूनमधून रक्त तपासावे लागते, दारू वर्ज्य करावी लागते, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावे लागते. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंतचा काळ कठीण जातो, आणि या काळात शेक व ऊन पाणी यांचा आधार सर्वांत मोठा. बाजारात बिनचिठ्ठीची, 'एका दिवसात गुण' देणारी पुडी मिळते, तिच्यापासून दूर राहावे. तीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आज सूज उतरते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

आता घरच्या माणसांसाठी चार शब्द. आपल्या घरांत पहाटे सर्वांत आधी कोण उठते? घरची बाई. चूल ती पेटवते, बंब ती तापवते, रात्रीची भांडी गार पाण्याने ती घासते, शेण काढते, धार काढते. पाणी तापले की आधी घरधनी, मग शाळेला जाणारी मुले, मग म्हातारे. तिच्या वाट्याला बंबाच्या तळाशी उरलेले कोमट पाणी येते, तेही दिवस वर आल्यावर. आणि हा रोग बहुतांशी तिलाच होतो! ज्या घटकेला तिची बोटे सर्वांत जास्त आखडलेली असतात, त्याच घटकेला तिचे हात सर्वांत गार पाण्यात असतात. यावरचा इलाज कोणत्याही औषधाच्या दुकानात नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी पहाटे उठून चूल पेटवावी आणि पहिले ऊन पाणी तिच्या हातांसाठी परातीत ओतावे. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. भांडी घासायचे पाणीही कोमट करून द्यावे. सरपणाची टंचाई असेल तर रात्रीचे उकळते पाणी थर्मासमध्ये भरून ठेवावे. पहाटे एक तांब्या उकळते पाणी पुरते, हे आपण वर पाहिलेच.

कामांतही थोडी अदलाबदल करावी. जड हंडा एका हाताने उचलू नये, दोन हातांनी किंवा कडेला धरून उचलावा. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे बोटे घट्ट आवळावी लागत नाहीत. पिळे पिळण्याचे काम दुसऱ्याने करावे. लावणीच्या दिवसांत सूज जोरात असेल, तर त्या बाईने बांधावर रोपांच्या जुड्या कराव्यात आणि चिखलात दुसरे उतरावे. वारंगुळ्याने काम करणाऱ्या गावात हे जमण्यासारखे आहे. यात तिच्यावर उपकार नाहीत. तिचे हात दहा वर्षे जास्त चालले, तर घरच चालते.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. हा रोग मोठ्यांचाच आहे असे नाही; लहान मुलांनाही सांध्यांचा असाच एक दाह होतो. एखादे मूल पहिल्या तासाला लंगडत येते, लेखणी धरायला कुरकुरते आणि मधल्या सुट्टीनंतर बरे खेळते, असे रोज दिसले तर त्याला आळशी म्हणू नये. त्याच्या आईवडिलांना बोलावून सांगावे. आणि ज्या घरात रोगी आहे, तिथल्या मोठ्या मुलामुलींना एक वही घालायला लावावी. आज आईची बोटे किती वेळ आखडली होती, शेक किती वेळ घेतला, औषध कोणत्या वारी घेतले, एवढे तीन रकाने. ही वही घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

तेव्हा लक्षात एवढेच ठेवावे. पाणी अंगाच्या उबेइतके. वेळ पंधरा मिनिटे. पाण्यातच बोटांची हालचाल. लाल आणि गरम सांध्याला शेक नको. आणि दीड महिन्याच्या वर सूज राहिली तर दवाखाना. ज्या घरात अशी बोटे असतील, त्या घरी उद्या पहाटे पहिले ऊन पाणी कोणाला द्यायचे, ते आज रात्रीच ठरवून ठेवा.